सानिका तुमच्यावर गेली

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून मला रडू फारसं आलं नाही. आली ती भीती. सकाळी सानिकाची वेणी घालताना येते, ती शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली की येते, ती नुसती "आई, एक विचारू?" म्हणाली तरी येते. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "नणंदेसाठी इतकं कोण झुरतं गं?" त्यांना काय सांगणार? सात वर्षांची पोर दिवसभर प्रश्न विचारते, आणि ज्यांची उत्तरं द्यायला माझी जीभ उचलत नाही ते सगळे आजवर मी तुमच्याकडे ढकलले. "आत्याला विचार," म्हटलं की माझी सुटका व्हायची. ती लगेच फोन लावायची, आणि तुम्ही हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखता आखता, फोन खांद्याने कानाशी दाबून तिला उत्तर द्यायचात.

काही गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहून गेल्या. त्या आज सांगते.

सानिका झाली तेव्हा तुम्ही ऐन सीझनमध्ये काम टाकून रोह्याला आलात. नखांत गुलाबी रंग तसाच होता. खोलीत माझी आई होती आणि माझ्या भावाचा चार वर्षांचा अर्णव. त्याने पाळण्यात डोकावून पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं आणि आनंदाने ओरडला, "बाळ या मावशीसारखं काळं काळं आहे!" आईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की पोर कळवळलं. तुम्ही मात्र खाली वाकून त्याला म्हणालात, "व्हय रे बाबा, अगदी माझ्यासारखी हाय. बरोबर वळखलंस." तो दंड चोळत हसला. आई म्हणाली, "रंग उतरेल हो, पहिल्या महिन्यात बाळं अशीच दिसतात." आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुम्हाला वाटलं असेल, दुखतंय म्हणून. वन्सं, त्याआधी काय झालं होतं ते ऐका. नर्सने बाळ माझ्या कुशीत दिलं तेव्हा मी तिचं तोंड पाहायच्याही आधी तिच्या कानाची पाळी उलटून पाहिली. कानाचा जो रंग, तोच पुढे अंगाचा, असं आमच्या पेणच्या घरात सगळ्या बायका म्हणायच्या. कान काळाभोर होता. मी मान वर केली तर दारात तुम्ही उभ्या. तुम्ही पाहिलंत का, हे मला इतकी वर्षं विचारायचं होतं. पाहिलं असेल, तर तुम्ही ते कधीच जाणवू दिलं नाहीत. पाहिलं नसेल, तर आता माझ्या तोंडूनच कळू दे.

त्या दिवसापासून मी तिचा रंग उतरवायच्या मागे लागले. साय आणि बेसन, मग मसुरीचं पीठ, मग दुकानातल्या ट्यूबा. उन्हात खेळू नको. फिकट फ्रॉक घालू नको, त्यात जास्तच दिसतं. तुमचा भाऊ महेश कंपनीतून शिफ्ट करून यायचा, हे सगळं बघायचा आणि "तुमच्या बायकांचं तुम्ही बघा" म्हणून झोपायचा. तुम्ही एकदा ती ट्यूब हातात घेऊन उलटसुलट केलीत. "माझ्या वेळी हिच्या भयनी व्हत्या," म्हणालात आणि जागेवर ठेवून दिलीत. मला राग आला होता. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं.

भांडण खरं झालं ते कारखान्यात. सानिका पाच वर्षांची होती. आम्ही पेणला माहेरी आलो होतो, तिथून तिला तुमच्याकडे आणलं. पन्नासेक मूर्ती ओळीने वाळत होत्या, सगळ्यांचं अंग गुलाबी. सानिका हात मागे बांधून फिरली आणि म्हणाली, "आत्या, सगळे गोरेच का?"

"गिऱ्हाइकाला तसेच लागतात म्हणून."

"माझ्या रंगाचा कर ना एक."

"करीन की. पण तो तू घ्यायचा हां, दुसरा कोण नेणार नाय."

तिला ते पटलं. मग तिने तेवढ्याच सहज विचारलं, "आत्या, तुझं लग्न का नाय झालं?"

चार कारागीर शेजारी बसलेले. तुम्ही ब्रश खाली न ठेवता म्हणालात, "सात जण बघायला आले. मी काळी म्हणून नाय म्हणाले. आठवा व्हय म्हणाला, तर मी नाय म्हणाले."

"तो पण काळा होता?"

"नाय गो. आळशी व्हता."

सगळा कारखाना हसला. सानिका तर आळशी आळशी म्हणत नाचली. मी तिला ओढत बाहेर नेलं, आणि परत येऊन तुमच्याशी भांडले. एवढ्याशा मुलीला असलं काय सांगता? तिला आत्तापासून कशाला घाबरवता? तुम्ही शांतपणे माझ्याकडे पाहिलंत. "ती नाय घाबरली गो. तिनं इचारलं, मी सांगितलं. तूच पांढरी पडलीस."

मी तुमच्याशी दोन महिने नीट बोलले नाही. तुम्ही सणाला पोह्याचे पापड पाठवलेत, मी साधा फोनही केला नाही. त्याची मला आता लाज वाटते.

पुढचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. बाटलीचं तुम्हाला कळलं, पण ती बाटली तिच्या हातात कशी गेली ते मी सांगितलं नाही.

रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरशाच्या बिल्डिंगखाली मुलं खेळायची. एका संध्याकाळी सानिका वर आली ती बातमी घेऊनच. "आई, आज आम्ही सगळ्यांनी हात लावून लावून बघितले. सगळ्यात गोरी त्रिशा, मग ओम, मग बाकीचे. मी सगळ्यात शेवटची. ओम म्हणाला, तू तर चॉकलेट संपल्यावरची पण काळी आहेस. म्हणजे काय गं?"

ती रडत नव्हती. उंचीने कोण मोठं हे सांगावं तसं सांगत होती. मी तिथेच तिच्याशी बोलायला हवं होतं. मी तोंडावर बोट ठेवलं. "शू! असलं बोलायचं नसतं." तिने डोळे मोठे केले. काहीतरी घाण बोललो असं तिला वाटलं असणार. मग मी आत जाऊन आईला फोन केला, दार न लावता. म्हणाले, "कितीही चोळा गं, हिचा रंग काही निघत नाही."

हे वाक्य माझं आहे, वन्सं. दुसऱ्या कोणाचं नाही.

त्या आठवड्यात तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर हळदीचा डाग पडला होता. डाग काढायच्या औषधात मी तो भिजवला आणि तिला दाखवला. "बघ, निघाला की नाही?" ती शेजारी उभी राहून बघत होती.

शनिवारी अर्धी शाळा असते. दुपारी मी कुकर लावत होते. न्हाणीतून किंकाळी आली. मी धावले तर सगळीकडे त्या डागाच्या औषधाचा वास, नाकात जाणारा. सानिका जमिनीवर बसलेली, उजव्या हातावर बाटली रिकामी केलेली, आणि त्याच हाताने डोळा चोळत होती. मी तिला उचलून नळाखाली धरलं. ती माझ्या हातातून निसटत होती, लाथा मारत होती, आणि तिची एक पापणी उघडतच नव्हती. मी ओल्या फरशीवर गुडघ्यावर बसले आणि तशीच तिचं डोकं पाण्याखाली धरून राहिले.

समोरच्या काकांच्या रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळा पुन्हा धुतला, बराच वेळ, आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बुबुळाला लागलंय. मी फोन करतो." महेश शिफ्टवर होता, फोन लॉकरमध्ये. मी तुम्हाला फोन केला. काय बोलले आठवत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी दारात उभी राहते. तू ये."

रोह्याहून पेण म्हणजे किती लांब, वन्सं? रोजचा रस्ता. त्या दिवशी वाटेतलं नागोठणंच येईना. भाड्याच्या गाडीत ती माझ्या मांडीवर होती, एका डोळ्यावर ओला कापूस, हात लाल झालेला. थोडी शांत झाल्यावर तिने हात माझ्या तोंडासमोर धरला.

"आई, निघाला का?"

मला वाटलं, हिचा डोळा जाणार. जन्मभर एका डोळ्याने ती माझ्याकडे बघणार आणि मला माहीत असणार की हे मी केलं. ड्रायव्हर आरशातून मागे बघत होता. मी तिचा हात खाली घेतला आणि डोळ्यावरचा कापूस पुन्हा ओला केला.

तुम्ही खरंच दवाखान्याच्या दारात उभ्या होतात. कोपरापर्यंत रंग, पदर खोचलेला, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. तुम्ही तिला माझ्या हातातून घेतलंत आणि आत गेलात. डॉक्टरांनी विचारलं, "बाळा, कसं उडालं हे?" ती स्पष्ट म्हणाली, "उडालं नाय. मी रंग काढत होते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. बेसन, ट्यूबा, सगळं सांगाल. तुमच्या मनात आलं असतं तर त्या एका खोलीत तुम्ही माझा सगळा हिशेब चुकता केला असता. तुम्ही तिच्या केसांतून हात फिरवत राहिलात.

डोळ्यावर पट्टी बांधल्यावर तिला बाकावर झोपवलं. ती तुमच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, तू का नाय काढलास तुझा?"

"काढायला बघितला व्हता गो."

मी चमकून वर पाहिलं.

"बाराएक वर्षांची आसेन. माझा बापूस मिठागरात कामाला. मीठ किती पांढरं असतं, बघितलंयस ना? मला वाटलं, त्यानं घासलं तर व्हईन गोरी. बसले कुडाच्या मागं आणि घासलं दोन्ही गालांना. रगत आलं."

"मग?"

"मग झोंबलं. आठ दिवस कुशीवर निजता आलं नाय. रंग व्हता तिथंच."

"तुला आई ओरडली?"

"नाय. ती रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं."

सानिका म्हणाली, "मीठ पण नाय चालत आणि हे पण नाय चालत." तुम्ही म्हणालात, "नाय चालत." आणि ती झोपली.

त्यानंतर बाहेर पॅसेजमध्ये आपण दोघीच उभ्या होतो. तुम्ही नखातला रंग खरवडत होतात. माझ्याकडे न बघता विचारलंत, "तुला भ्या कसलं वाटतं गो? ती काळी राहील याचं, का ती माझ्यासारखी व्हईल याचं?"

तेवढ्यात नर्सने औषधाची चिठ्ठी घेऊन हाक मारली. मी गेले. परत आले तेव्हा महेश पोचला होता, आणि तो प्रश्न तिथेच राहिला. दोन वर्षं तो आपल्या दोघींच्या मध्ये होता. तुम्ही पुन्हा विचारला नाहीत आणि मी उत्तर दिलं नाही.

डोळा वाचला. पण डॉक्टर "वाचला" म्हणेपर्यंतचे दोन दिवस मी अन्नाला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी काढून त्यांनी भिंतीवरचं अक्षर विचारलं, तिने ते वाचलं, आणि मी बाहेर येऊन वांती केली. मनगटावर तळहाताएवढी कातडी सोलली गेली. ती भरून आली, पण आजूबाजूपेक्षा फिकट.

तुम्ही आठ दिवस वरशाला राहिलात. कारखान्याचे शेठ फोन करत होते, तुम्ही उचलत नव्हतात. हाताला पट्टी बांधलेली सानिका खाली गेली, मागोमाग तुम्ही. मी खिडकीच्या पडद्याआड उभी. मुलं गोळा झाली. ओमने विचारलं, "काय झालं?" सानिकाने सगळं सांगितलं, काही न लपवता. मी पडदा मुठीत धरला होता. आता हसणार, आता कोणीतरी आईला बोलावणार.

कोणी हसलं नाही. त्रिशा म्हणाली, "मला पण सांगायचं ना, मी नको म्हटलं असतं." मग ओमने आपला हात तुमच्या हाताला लावला. "आजी, तुम्ही तर सानिकापेक्षा पण काळ्या."

"व्हय. मी पयली. सानिका दुसरी."

"मग तुमचा तळहात गोरा कसा?"

"मी पण माझ्या आईला इचारलं व्हतं. तिला पण नव्हतं ठाऊक. तुमच्या बाईंना इचारा आणि मला येऊन सांगा."

आणि तो खरंच विचारून आला, तुमच्यापुढे उभा राहून धडा म्हणावा तसं सांगून गेला. त्याने सानिकाला मागचं बोलल्याबद्दल माफी वगैरे मागितली नाही. दोघं सायकलवरून भांडले आणि पुन्हा खेळायला लागले. मी वर पडद्याआड घामाने भिजले होते. इतक्या वर्षांत मला एकदाही असं चारचौघांत उभं राहून तो शब्द साध्या आवाजात उच्चारता आला नव्हता.

वन्सं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. ती तुमच्यासारखी होईल, याचंच भय होतं. तुमचं आयुष्य म्हणजे सात नकार, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून धरून चालले होते. खाडीकडच्या घरात एकटी राहणारी बाई, बिचारी. तुमचा हात स्थिर म्हणून तीन कारखाने तुमच्यासाठी भांडायचे, हे मला दिसायचं, पण मी ते मोजत नव्हते. तुम्ही बिचाऱ्या नव्हतात. पण तुम्हाला दुखलंच नाही, असंही आता म्हणणार नाही. गालाला मीठ घासणाऱ्या मुलीला मी त्या दिवशी ऐकलंय. म्हणून तर जास्त घाबरते. तुमच्यासारखं व्हायला काय काय सोसावं लागतं, ते तुम्ही कधी पूर्ण सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही.

तुमच्या तेराव्याला तुमच्याच घरात सगळे जमले होते. ओटीवर बायका बसलेल्या. महेशच्या चुलतकाकू डोळे टिपत म्हणाल्या, "रंगानं काळी व्हती, पण मन कसं गोरं व्हतं तिचं." बाकीच्यांनी माना हलवल्या. खरं सांगते, मीही हलवली.

सानिका माझ्याशेजारी बसली होती. तिने मोठ्याने विचारलं, "मन गोरं म्हणजे?"

"चांगलं गो बाय."

"मग काळं म्हणजे वाईट?"

काकू पदराशी चाळा करू लागल्या. कोणीतरी "लहान हाय ती" असं पुटपुटलं. सानिका माझ्याकडे वळली.

"आई, आता आपल्या घरात काळी मी एकटीच राहिले ना?"

माझं बोट तोंडाकडे निघालं होतं. मी ते मांडीखाली दाबलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "एकटीच राहिलीस."

"मी मोठी झाले की मला पण लोक नाय म्हणतील?"

"काही जण म्हणतील."

"तेव्हा मी काय करायचं?"

वन्सं, मी शोधलं. सगळीकडे शोधलं. तुमच्यासारखं एक वाक्य, एक विनोद, काहीही. "मला माहीत नाही, सानू," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

तिचा चेहरा उजळला, आणि ती उठून माझ्या पर्समधला मोबाइल काढायला लागली.

"आत्याला विचारते."

मोबाइल हातात घेतल्यावर तिला कळलं. ती तशीच उभी राहिली, अंगठा बटणावर ठेवून. तेरा दिवसांत पहिल्यांदा ती रडली, आणि अशी रडली की अंगणातली माणसं आत आली. काकू तिला उगी करायला सरसावल्या. "उगी बाय, उगी, असं रडू नये."

मी तिला मांडीवर ओढलं आणि म्हटलं, "राहू द्या काकू. रडू दे तिला."